घाटी चढायचीय ना, मग शॉकअप सोडा, गियर बघा

प्रश्न: नमस्कार. मी रत्नागिरीची, वय 46, उंची 5 फूट 1 इंच. लहानपणी बाबांच्या मोठ्या सायकलवर कैची मारत शिकले, पण कॉलेज सुटल्यापासून सायकलला हात लावलेला नाही. आता सकाळी भाट्याच्या पुलावरून झरी विनायकापर्यंत जायचं आणि सवय झाली की पुढची घाटी चढून पावसच्या बाजूला जायचं असं मनात आहे. पंजाबी ड्रेसवर चालवणार. दुकानदार म्हणतात जाड टायरची, पुढे-मागे शॉकअपवाली 21 गियरची घ्या. मोठे दीर मुंबईला असतात, ते म्हणतात पातळ टायरची रेसिंग घे. आई म्हणते साधी लेडीज सायकल घे, गियर कशाला हवेत. बजेट 15 हजारापर्यंत. गुडघे अधूनमधून कुरकुरतात. काय घेऊ?

उत्तर: ताई, तिघांत आईंचं म्हणणं सगळ्यात जवळचं आहे, फक्त गियरचं सोडून. पूल ते झरी विनायक रस्ता सपाट आहे, तिथे कुठलीही सायकल चालेल, खरी परीक्षा पुढच्या घाटीत, आणि कोकणात कुठेही राहिलात तरी खाडी ओलांडली की चढ येतोच. म्हणून आडवा दांडा खाली वाकवलेली, गियर असलेली हायब्रिड, म्हणजे रेसिंग आणि जाड टायरवाली यांच्या मधली सायकल, बघा. पंजाबी ड्रेसवर पाय टाकून चढायला-उतरायला सोपी जाते, आणि चढात अचानक थांबावं लागलं तरी पटकन खाली उतरता येतं.

आता गियरचं. 21 हा आकडा ऐकून भुलू नका, सगळ्यात हलका गियर किती हलका आहे ते विचारा. पुढच्या आणि मागच्या चक्रीवर दाते किती ते सायकलच्या माहितीत लिहिलेलं असतं. समजा पुढची सगळ्यात छोटी चक्री 28 दात्यांची आणि मागची सगळ्यात मोठीही 28 ची, तर पेडल एक फेरा फिरलं की चाकही एकच फेरा फिरतं, म्हणजे सायकल साधारण 2 मीटर पुढे जाते. साध्या सायकलला पुढे 44 आणि मागे 18 असे दाते असतील तर तेवढ्याच एका फेऱ्यात ती 5 मीटर जाते, सपाटीला मस्त वाटतं पण घाटीत ते 5 मीटर तुमच्या गुडघ्यांनी ओढायचे असतात. तुम्हाला पुढची छोटी चक्री मागच्या मोठीएवढी किंवा तिच्यापेक्षाही लहान हवी. पुढे 28 नि मागे 34 मिळालं तर दुसरं काही बघू नका. आणि गियर चढ सुरू व्हायच्या आधी, पेडल फिरत असतानाच टाकायचा, चढात अडकल्यावर जोर लावून टाकला की चेन कडकड करते, कधी उतरते पण.

शॉकअपबद्दल माझं मत स्पष्ट आहे, या बजेटमध्ये नकोच. स्वस्त शॉकअप म्हणजे नुसतं वजन, चढात तुमचा जोर त्या स्प्रिंगमध्ये जातो आणि आपल्या खाऱ्या हवेत एक-दोन पावसाळ्यांत ते गंजून जाम होतं. खड्ड्यांसाठी टायर जरा रुंद घ्या, 700 च्या चाकाला 35 ते 40 मिलिमीटर किंवा 26 च्या चाकाला पावणेदोन इंच, आणि हवा टायरच्या बाजूला छापलेल्या पीएसआयच्या मर्यादेत ठेवा. रेसिंगचे पातळ टायर नकोत, घाटी उतरताना वळणावर जांभ्याची बारीक खडी पसरलेली असते, नवख्या माणसाने पातळ टायरवर तिथून उतरू नये.

दुकानात जाताना एक छोटं लोहचुंबक घेऊन जा, खरंच. रिमला, हँडलला, सीटच्या नळीला लावून बघा. चिकटलं तर लोखंड, नाही चिकटलं तर बहुतेक अल्युमिनियम. फ्रेम लोखंडी असली तरी एकवेळ चालेल, रंग नीट असेल आणि खरचटल्यावर लगेच टचअप केलं तर टिकते, पण रिम लोखंडी अजिबात नको. चकचकीत क्रोमच्या रिमवर पाणी पडलं की ब्रेक नुसते घसरतात, आणि जूननंतर रत्नागिरीत रिम कोरडी कधी असणार! पावसातही रोज चालवायचा विचार असेल तर डिस्क ब्रेकची घ्या, कारण लाल चिखल रिम आणि ब्रेकचे रबर दोन्ही घासून काढतो. फक्त उघडीप बघून बाहेर पडणार असाल तर रिमला दोन्ही बाजूंनी रबराने दाबणारे साधे व्ही-ब्रेक पुरेत, गावातला कुठलाही सायकलवाला ते दुरुस्त करतो.

मापात मात्र तडजोड नको. तुमच्या उंचीला साधारण 15-16 इंची फ्रेम किंवा कंपनीचा एस साइज येतो, पण कंपनीगणिक फरक पडतो म्हणून स्वतः बसून बघा. सायकल उभी धरायला सांगा, सीटवर बसा, टाच पेडलवर ठेवून पेडल पार खाली न्या. पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चवडा पेडलवर ठेवलात की गुडघा आपोआप थोडा वाकलेला राहतो, हीच सीटची उंची. इतक्या वर्षांनी बसताय तर दोन्ही पाय जमिनीला टेकावेत म्हणून सीट खाली हवीशी वाटेल, सुरुवातीला ठेवा तशी, तोल आला की थोडी थोडी वर घ्या, कारण खाली ठेवलेल्या सीटनेच गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं. गुडघ्याला सूज येत असेल तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा, मग सायकल. थांबताना सीटवरून पुढे उतरून पाय टेकायचा, तेवढी सवय मैदानावर करून घ्या.

ऑनलाइन मागवलीत तर ती अर्धवट जोडलेली येते, घरी पाना घेऊन बसू नका, सायकलवाल्याकडून जोडून घ्या. पुढचा फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणारा दोन पायांचा दांडा, उलटा बसवलेल्या सायकली रस्त्यावर फिरताना दिसतात, त्या धोकादायक असतात. बजेटमधले दीडदोन हजार हेल्मेट, मागचा लाल लाइट, मडगार्ड आणि पंप यांसाठी बाजूला ठेवाच. आणि निघा सकाळीच, दुपारनंतर समुद्राकडून वारा सुटतो आणि पुलावर सायकल आडवी ढकलतो.

प्रश्न: आम्ही गुहागरला असतो. मिस्टरांना पुळणीवर चालवायला 4 इंची टायरची फॅटबाइक घ्यायचीय. घ्यावी का? आणि चेनला खोबरेल तेल चालतं का?

उत्तर: पुळणीवर ती चालते, हवा बरीच कमी केली तर आणखी छान चालते, पण गावातून दळण आणायला तीच जड सायकल रेटावी लागेल हे मिस्टरांना आधी सांगा. ओहोटीला ओल्या कडक वाळूवर हायब्रिडही चालते. मुद्दा मिठाचा आहे. लाटेच्या पाण्यात चाक घालायचं नाही, आणि घरी आल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने हलकं धुवायचं, जोराचा पाइप मारायचा नाही, नाहीतर पाणी बेअरिंगमध्ये जातं. मग फडक्याने चेन पुसून सुकू द्या आणि कडीकडीवर एकेक थेंब चेनचं तेल सोडा, वर राहिलेलं पुसून टाका. खोबरेल नको, ते चिकट होऊन वाळू धरतं. गंज सोडवायचा स्प्रेसुद्धा चेनच्या तेलाचं काम करत नाही, तो मारलात तरी नंतर तेल घालावंच लागतं.