सिग्नलला एसी गरम का होतो?

प्रश्न : अकोल्यात मे महिन्यात पारा 45 अंशांवर जातो. गाडी पळते तोवर एसी गार, सिग्नलला थांबलं की गरम हवा. गॅस भरून घेऊ का?

उत्तर : ताई, गॅसची घाई करू नका. धावताना वारा कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी, गाडीच्या पुढची जाळी) थंड करतो, थांबल्यावर ते काम पंख्याचं. एसी लावून बॉनेट उघडा, पंखा फिरतो का ते लांबूनच बघा. परवा माझ्याकडे आलेल्या गाडीचा पंखा ठणठणीत होता, पण कंडेन्सरच्या जाळीत कापसाचे तंतू नि चिखल गच्च बसलेला. इंजिन निवल्यावर पाण्याच्या हलक्या फवाऱ्यानं धुतला. जोराची धार मारू देऊ नका, जाळीतल्या बारीक पत्र्या (फिन्स) वाकतात. आणि गॅस कमी निघालाच, तर आधी गळती शोधायला लावा, मगच भरा.