व्हिक्टोरियन सचित्र कादंबऱ्या जमवायच्या आहेत, पण पहिल्या आवृत्त्या परवडत नाहीत. काय घ्यावं?

पहिल्या आवृत्तीचा नाद सोडा. सोनेरी नक्षीच्या कापडी बांधणीतली पुस्तकं हवीत असं तुम्ही लिहिलंय, आणि त्या छंदात कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीचं फारसं काम पडत नाही.

जेन ऑस्टिनच्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'चंच बघा. ती १८१३ साली तीन खंडांत आली, किंमत १८ शिलिंग, बांधणी साध्या पुठ्ठ्याची. ऐपतदार गिऱ्हाईक ती नंतर आपल्या पसंतीच्या चामड्यात बांधून घेई. आज संग्राहक जिच्यावर जीव टाकतात ती मात्र १८९४ची, लंडनच्या जॉर्ज ॲलन या प्रकाशकाने काढलेली. गर्द हिरवं कापड, त्यावर सोनेरी मोर, आत ह्यू थॉमसनची १६० रेखाचित्रं. जेन ऑस्टिनला जाऊन तोवर ७७ वर्षं झाली होती. मजकुरावरचा हक्क संपलेला, कुणीही छापावं. मग प्रकाशकांची चढाओढ लागली ती रूपावर. नाताळात भेट द्यायला देखणं पुस्तक हवंच असायचं. थॉमसन आयर्लंडमधल्या कोलरेनचा, लिननच्या धंद्यात उमेदवारी करून चित्रांकडे वळलेला. मॅकमिलन या प्रकाशकासाठी १८९१ साली त्याने एलिझाबेथ गॅस्केलच्या कादंबरीचं, 'क्रॅनफर्ड'चं पुस्तक सजवलं, ते चाललं आणि तशाच धाटणीच्या पुस्तकांची रांग लागली. मोराच्या आवृत्तीच्या किमती आता फार चढल्यात. माझं ऐकाल तर 'क्रॅनफर्ड'च्या नंतरच्या मुद्रणांपासून सुरुवात करा. चित्रं तीच, आणि खिशाला झेपेल.

कापडावर सोन्याचा ठसा मारायची रीत १८३०च्या दशकात रुळली. पितळी साचा तापवून वर्खावर दाबायचा. त्यामुळे अख्ख्या आवृत्तीला कारखान्यातच एकसारखी बांधणी मिळू लागली, आणि आपण पैसे मोजतो ते त्या बांधणीचे. म्हणून नव्याने बांधलेली प्रत कितीही नीटस असो, घेऊ नका.

विक्रेत्याकडून कण्याचा, म्हणजे पुस्तकाच्या पाठीचा, फोटो हटकून मागा. मुखपृष्ठ झळझळीत आणि कणा उन्हाने तपकिरी पडलेला, हे हिरव्या कापडात नेहमीचं. मग पुठ्ठा उघडून आतल्या सांध्याचा फोटो. तिथे कागदाखालच्या कापडाची जाळी दिसत असेल तर पुस्तक सुटायला आलंय. थॉमसनची बहुतेक चित्रं मजकुराच्याच पानांवर असतात, त्यामुळे ती सहसा गहाळ होत नाहीत. रंगीत चित्रं वेगळ्या कागदावर छापून आत घातलेली असतील तर मात्र चित्रसूची हातात घेऊन एकेक मोजा. आणि सालही बघा. व्हिक्टोरिया राणी १९०१ मध्ये वारली, पण ऑनलाइन विक्रेत्यांच्या लेखी ती १९२० पर्यंत तरी जिवंत असते!

एक सावधगिरी. १८४० ते ६०च्या दशकांतल्या काही भडक पोपटी-हिरव्या कापडांच्या रंगात आर्सेनिक आहे. अमेरिकेतल्या विंटरथर संग्रहालयाने २०१९ पासून अशी पुस्तकं शोधून त्यांची यादी केली आहे. तसलं काही हाती आलं तर हातमोजे घाला, झिपच्या पिशवीत ठेवा, मुलांच्या हाती देऊ नका.

मुंबईत असाल तर ग्लासगोच्या ब्लॅकी कंपनीची पुस्तकं आवर्जून शोधा. शाळांत बक्षीस द्यायची पुस्तकं ही तिची खासियत, आणि १८९३ पासून तिच्या बांधण्यांची सूत्रं टॅल्विन मॉरिस या सजावटकाराकडे होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून फोर्टमध्ये कंपनीची शाखा होती, त्यामुळे जुन्या घरांतल्या रद्दीत ती अजून निघू शकतात. आत बक्षिसाचं लेबल चिकटवलेलं असेल तर ते काढू नका. घेतल्यावर पावसाळ्यात मात्र कपाट अधूनमधून उघडं ठेवा आणि कसर लागली नाही ना, ते कण्याच्या आत डोकावून बघा.