चॅम्पियन नर्सला नको, केअर एडला करा

ताई, तुम्ही लिहिलंय की कॅनडातल्या तुमच्या नर्सिंग होममध्ये मॅनेजरने तुम्हाला बेडसोर (एकाच जागी दाब पडून होणाऱ्या जखमा) कमी करण्यासाठी ‘चॅम्पियन’, म्हणजे या बदलाची धुरा सांभाळणारी, नेमलं. पोस्टर लागली, ट्रेनिंग झालं, पण मजल्यावर ढिम्म काही हलत नाही. मीही इथे अल्बर्टात वृद्धसेवेतच नर्स आहे, म्हणून स्पष्ट लिहिते: माणूस चुकीचा निवडलाय.

आपण नर्सेस गोळ्यांच्या गाडीत आणि चार्टिंगमध्ये अडकलेल्या. आजोबांना अंघोळ घालताना, डायपर बदलताना त्यांचं माकडहाड आणि टाचा रोज कोण बघतं? केअर एड, म्हणजे ही रोजची कामं करणारी मदतनीस. बोटाने दाबूनही फिका न पडणारा लाल डाग, म्हणजे बेडसोरची सुरुवात, आधी तिला दिसतो. सावळ्या कातडीवर तर लालीही धड दिसत नाही, हाताला जागा गरम किंवा टणक लागते, तेवढंच.

अल्बर्टा विद्यापीठातल्या कॅरोल एस्टाब्रुक्स यांच्या गटाचा ‘स्कोप’ उपक्रम नेमका असाच होता. सुधारणा पथकाची सूत्रं केअर एडकडे, पाठीशी मॅनेजर. पथकाने एक विषय घ्यायचा, छोटा बदल करून बघायचा, मोजायचं, मग पुढचं पाऊल.

तुम्हीही एकाच विंगपासून सुरुवात करा. रात्री दर २ तासांनी कूस बदलली का, यावर सगळ्यांचा डोळा असतो. पण नाश्त्यापासून दुपारच्या जेवणापर्यंत व्हीलचेअरवर बसून राहिलेल्या आजींना कोण हलवतं? पहिला बदल तिथेच करा. (२०१३ साली आलेल्या अमेरिका-कॅनडातल्या एका अभ्यासात, दाट फोमच्या गादीवर २, ३ की ४ तासांनी कूस बदलली याने फारसा फरक पडला नव्हता. म्हणून लगेच तुमच्याकडचं वेळापत्रक मोडू नका हं, आधी जखमा बघणाऱ्या नर्सला विचारा.)

मॅनेजरकडे मात्र अडून बसा: केअर एडला या कामासाठी पगारी वेळ हवा आणि तेवढ्या वेळात मजल्यावर बदली माणूस हवा. नाहीतर ती बिचारी जेवणाच्या सुट्टीत कागद भरेल आणि लवकरच वैतागून सोडून देईल. तुमचं काम एवढंच की तिने “टाच लाल दिसतेय” म्हटलं, तर त्याच शिफ्टमध्ये जाऊन बघायचं. दोनदा दुर्लक्ष झालं की तिसऱ्यांदा ती सांगायला येणार नाही.

आणि निवडताना मीटिंगमध्ये फाडफाड इंग्रजी बोलणारी शोधू नका. एखादे आजोबा हात लावू देत नाहीत तेव्हा बाकीच्या जिला हाक मारतात, तिला विचारा.