वाचक विचारतात : फुटबॉलच्या दिवसांत लंडनचे पंचतारांकित हॉटेल

प्रश्न : अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. 2028 साली ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये होणाऱ्या युरोपीय फुटबॉल स्पर्धेचा शेवटचा आठवडा लंडनमध्ये पाहावा, अशी माझी, पत्नीची आणि आमच्या दोन मुलांची इच्छा आहे. मुलगी अठरा वर्षांची व मुलगा तेरा वर्षांचा होईल. आयुष्यात एकदाच जायचे तर उत्तम हॉटेलात राहावे, असे वाटते. ओळखीचे एक एजंट म्हणतात, की आत्ताच पूर्ण पैसे भरा, नाहीतर खोली मिळणार नाही. त्यांचे ऐकावे का? आणि हॉटेल स्टेडियमजवळ घ्यावे की शहरात?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : एजंटांचे अर्धे म्हणणे खरे आहे. खोली लवकर धरून ठेवावी. मात्र पूर्ण पैसे आत्ताच भरू नयेत, आणि परत न मिळणाऱ्या दराने तर मुळीच भरू नयेत. ही स्पर्धा 9 जून ते 9 जुलै 2028 या काळात होईल. दोन्ही उपांत्य सामने आणि अंतिम सामना लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर आहेत. तेथे सुमारे 90,000 प्रेक्षक बसतात, तेव्हा त्या आठवड्यात दर चढणार, हे आषाढीत पंढरपुरात खोली शोधलेल्या आपल्या जिल्ह्यातील माणसाला समजावून सांगण्याची गरज नाही.

तरीही पैसे भरण्याची घाई करू नये याचे कारण व्हिसात आहे. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांपेक्षा लवकर करता येत नाही, आणि आपल्या घरातील चौघांनाही स्वतंत्र व्हिसा लागेल. म्हणजे जुलैच्या प्रवासासाठी आपले कागद एप्रिलच्या आधी जमा होऊच शकत नाहीत. तिकिटांचेही तसेच आहे. 2024 मध्ये जर्मनीत झालेल्या स्पर्धेची तिकिटे युरोपीय फुटबॉल संघटनेने अर्ज मागवून आणि सोडत काढून विकली होती. चार तिकिटे एकत्र मिळतीलच, अशी खात्री कोणीही देऊ शकत नाही. व्हिसा हाती नाही, तिकीट हाती नाही, आणि खोलीचे काही लाख रुपये मात्र कायमचे गेले, अशी स्थिती आपण पैसे देऊन ओढवून घेऊ नये. येण्याच्या दोन-तीन दिवस आधीपर्यंत रद्द करता येईल असा दर थोडा महाग असतो, पण या प्रवासात तो जादा पैसा सत्कारणी लागतो. रद्द करण्याची शेवटची तारीख आणि वेळ हॉटेलकडून लेखी घ्यावी. ती वेळ लंडनची असते आणि उन्हाळ्यात आपले घड्याळ तिच्यापेक्षा साडेचार तास पुढे असते, हे विसरू नये.

आणखी एक गोष्ट आपल्या पथ्यावर पडू शकते. मोठ्या स्पर्धांचे आयोजक पाहुण्यांसाठी हॉटेलांतील खोल्या आगाऊ अडकवून ठेवतात आणि नको असलेल्या पुढे परत करतात. 2012 च्या ऑलिंपिकआधी लंडनमध्ये हेच घडले होते आणि अनेक हॉटेलांना चढवलेले दर खाली आणावे लागले होते. म्हणून रद्द करता येणारी खोली हाती ठेवून दर महिन्याला दर पाहत राहावे, आणि स्वस्त मिळाल्यास जुनी सोडून द्यावी.

आता जागेविषयी. वेम्ब्लीच्या आसपास हॉटेले आहेत, पण मेफेअर किंवा पार्क लेनचा थाट तेथे नाही, आणि सामना नसलेल्या दिवसांत मुलांना तेथे करमणारही नाही. माझ्या मते मेरिलबोन, बेकर स्ट्रीट आणि बाँड स्ट्रीट यांच्या मधला पट्टा पाहावा. बेकर स्ट्रीटवरून भुयारी रेल्वेची मेट्रोपॉलिटन लाइन, बाँड स्ट्रीटवरून ज्युबिली लाइन स्टेडियमजवळच्या वेम्ब्ली पार्क स्थानकाला जाते, आणि मेरिलबोनहून वेम्ब्ली स्टेडियम स्थानकाला वेगळी रेल्वे आहे. एक मार्ग तुंबला तर दुसरा उरतो. सामना संपल्यावर स्थानकाबाहेर गर्दी टप्प्याटप्प्याने सोडली जाते, त्यामुळे अर्धा-पाऊण तास आत बसून राहणे शहाणपणाचे ठरते. 2021 च्या अंतिम सामन्याला याच स्टेडियममध्ये तिकीट नसलेल्या लोकांनी दांडगाईने प्रवेश केला होता. मुले बरोबर असताना सामन्याच्या दिवशी दुपारीच निघावे.

चौघांना एक खोली बहुधा मिळणार नाही. दोन खोल्या घेताना ‘शेजारच्या’ असा शब्द स्वीकारू नये. मधल्या दाराने जोडलेल्या खोल्या हव्यात असे लिहून मागावे आणि तसेच लेखी उत्तर मिळवावे. एका नामांकित हॉटेलात मला शेजारच्या म्हणून दिलेल्या खोल्यांपैकी एक तिसऱ्या मजल्यावर होती आणि दुसरी पाचव्या. विमान पहाटे उतरणार असेल तर खोली साधारण दुपारी तीनला मिळते, हेही ध्यानात धरावे; तोवर सामान ठेवून घेतात.

पैशांच्या बाबतीत खबरदारी एवढीच, की आपण पोहोचताच हॉटेल कार्डावर खोलीच्या भाड्याखेरीज काही रक्कम अडकवून ठेवते. डेबिट कार्ड दिले तर खात्यातील तेवढे पैसे वापरता येत नाहीत आणि मोकळे व्हायला कित्येक दिवस लागतात. म्हणून क्रेडिट कार्ड द्यावे आणि त्यावरील परदेशी व्यवहाराची सोय बँकेच्या ॲपमधून निघण्यापूर्वी सुरू करावी. रेस्टॉरंटच्या बिलात बहुधा साडेबारा टक्के सेवाशुल्क आधीच लावलेले असते, तेव्हा वर पुन्हा टीप देण्याचे कारण नाही.

न्हाणीघरातील टॉवेल आपण हातात घेऊन पाहणार, यात मला शंका नाही. वजन, लूप आणि काठाची शिलाई जरूर पाहावी, कोपऱ्यातली पट्टी उलटून तो कोणत्या देशातून आला तेही वाचावे. नमुना म्हणून बॅगेत मात्र टाकू नये. त्याची किंमत त्या अडकवलेल्या रकमेतूनच वळती करून घेतात.