गरब्याच्या मैदानावरून परदेशी सेटवर
(वाचकांचे प्रश्न)

परदेशी जाऊन तिथल्या चित्रपटधंद्यात काम करण्याविषयी आम्ही प्रश्न मागवले होते. सर्वात जास्त पत्रं वडोदऱ्याहून आली, यात नवल नाही. या शहराला कलाशिक्षणाचीही सवय आहे आणि व्हिसाच्या रांगेचीही. दादासाहेब फाळके इथल्याच कलाभवनात शिकले आणि पुढे १९१२ साली लंडनला जाऊन काम शिकून, विल्यमसन कॅमेरा विकत घेऊन आले. ते काही आठवड्यांतच परतले, हे मात्र कोणी सांगत नाही. पत्रं लांब होती. इथे ती थोडक्यात आणि नावं वगळून दिली आहेत.

तरसाळीच्या आयटीआयमधून वायरमन केलं. वय २६. नवरात्रात गरब्याच्या मैदानांचं, एरवी लग्नांचं लाइटिंग करतो. तीन गुजराती चित्रपटांत लाइटमन होतो. व्हँकुव्हरला लाइटमनची नोकरी मिळवून जाता येईल का?

इथून नोकरी मिळवून जाण्याचा रस्ता तुमच्यासाठी जवळजवळ बंद आहे असंच धरा. तुमचं काम कमी पडतं म्हणून नव्हे. व्हँकुव्हरच्या मोठ्या निर्मितींत लाइटची माणसं बहुतेक आयात्सी ८९१ या युनियनमार्फत घेतली जातात. आधी सभासदांना बोलावतात, ते अपुरे पडले की युनियनचं तात्पुरतं परमिट असलेल्या बिगरसभासदांना. दुसरं कारण पैशाचं. ब्रिटिश कोलंबिया प्रांत निर्मात्याला करसवलत देतो ती स्थानिक माणसांच्या पगारावर, आणि स्थानिक कोण हे ठरतं आदल्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला तो माणूस त्या प्रांताचा रहिवासी होता की नाही यावरून. त्यामुळे कालच विमानातून उतरलेला लाइटमन त्याच पगारात निर्मात्याला महाग पडतो.

तेव्हा आधी राहण्याचा हक्क, मग सेट. तुमच्याजवळ वायरमनचं प्रमाणपत्र आहे. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत (कायम वास्तव्यासाठी अर्ज करण्याच्या पद्धतीत) कुशल कारागिरांसाठी वेगळा कार्यक्रम आहे आणि इलेक्ट्रिशियन त्यात बसतो. गेल्या ५ वर्षांत २ वर्षांचा पूर्णवेळ अनुभव हवा. भाषेची पातळी कॅनडाच्या सीएलबी या मापाने बोलण्या-ऐकण्यात ५ आणि वाचण्या-लिहिण्यात ४ लागते. त्याशिवाय कॅनडातल्या मालकाची किमान वर्षभराची नोकरी किंवा तिथल्या प्रांताचं कौशल्य प्रमाणपत्र हवं. खरी अडचण या शेवटच्या अटीची आहे. गरब्याचं लाइटिंग या अनुभवात धरलं जात नाही. मकरपुरा जीआयडीसीत किंवा इमारतींच्या कामावर केलेलं वायरिंग धरलं जातं, तेही कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास आणि पगार लिहिलेल्या पत्रासह. मंडपाच्या कामाला कारखान्याचं काम म्हणून पत्र देणारे भेटतील. घेऊ नका. खोटी माहिती सापडली की ५ वर्षं अर्जच करता येत नाही.

आता प्रत्यक्ष काम. तुम्हाला जे येतं ते उपयोगी पडेल, पण काही ठिकाणी हात अडखळेल. आपल्याकडे लाइटमनच दिवा उचलतो, तोच कटर (प्रकाश अडवणारा काळा पडदा) लावतो, तोच स्किमर (प्रकाश मऊ करणारं कापड) आणि थर्माकोल धरतो. उत्तर अमेरिकेत हे दोन खात्यांत वाटलेलं आहे. दिवा आणि केबल इलेक्ट्रिककडे. कटर, नेट, फ्रेम, स्टँड ग्रिपकडे. मदत म्हणून दुसऱ्या खात्याचं सामान उचललं तर कौतुक होत नाही, बोलणी बसतात. ब्रिटनमध्ये पुन्हा निराळं: कटर आणि फ्रेमसुद्धा लाइटवालेच लावतात, ग्रिप फक्त कॅमेऱ्याची ट्रॉली आणि क्रेन बघतो.

दुसरी अडचण विजेची. इथे २३० व्होल्टवर १५ अँपिअरच्या पॉइंटमधून जवळपास ३४०० वॅट निघतात, त्यामुळे २ किलोवॅटचा दिवा आपण डोळे मिटून लावतो. कॅनडात घरगुती पॉइंट १२० व्होल्टचा. तोच २ किलोवॅटचा दिवा तिथे १६.७ अँपिअर ओढतो आणि १५ अँपिअरचा ब्रेकर पडतो. २० अँपिअरच्या सर्किटवरही दिवा बराच वेळ चालवायचा तर ८० टक्के, म्हणजे १९२० वॅटच धरतात. किती वॅट म्हणजे किती अँपिअर, हा हिशेब १२० ने भागून तोंडी यायला हवा. इथले २३० व्होल्टचे बल्ब नेऊ नका, तिथे ते मिणमिणतात.

त्यातच वारंवारता. आपल्याकडे ५० हर्ट्झ, तिथे ६०. सेकंदाला २४ फ्रेमने चित्रण करताना ट्यूबलाइट किंवा रस्त्यावरचे दिवे चित्रात लुकलुकू नयेत म्हणून इथे शटर १७२.८ अंशांवर ठेवतात, म्हणजे १/५० सेकंद. तिथे १४४ अंश, म्हणजे १/६०. शटर बदलणं कॅमेरा खात्याचं काम, पण जागेवरचा कुठला दिवा लुकलुकेल हे आधी सांगणारा लाइटमन गॅफरच्या, म्हणजे लाइट खात्याच्या प्रमुखाच्या, लक्षात राहतो. मैदानावरचे स्वस्त एलईडी पार दिवे मोबाइलच्या चित्रणात पट्टे मारतात, ते तुम्ही पाहिलंच असेल.

आणि सी-स्टँड, म्हणजे कटर, फ्रेम धरणारा तीन पायांचा स्टँड. इथे कुणी शिकवत नाही, तिथे पहिल्या दिवशी हेच पाहतात. तीन पायांतला सर्वात उंच पाय वजनाच्या बाजूला, म्हणजे आडव्या दांड्याच्या बरोबर खाली आला पाहिजे. वाळूची पिशवी त्याच पायावर, जमिनीला न टेकता लोंबती. टेकली तर तिचं वजन जमीन घेते, स्टँड नाही. दांडा धरणारी मूठ अशी फिरवायची की स्टँडमागे उभं राहिल्यावर तिचा स्क्रू उजव्या हाताला येईल. मग दांड्याचं वजन खाली ओढतं तसा स्क्रू घट्ट होतो. उलट लावला तर तासाभरात सैल होऊन कटर नटाच्या डोक्यावर.

पोचल्यावर तीन छोटे कोर्स उरकून घ्या: क्रिएटिव्ह बीसीचा चित्रपट उद्योगाची ओळख करून देणारा, ॲक्टसेफचा सेटवरच्या सुरक्षिततेचा आणि घातक पदार्थांचा व्हिमिस. शिवाय गाडी चालवण्याचा परवाना. स्टुडिओ बर्नबी, लँगलीपर्यंत पसरलेत आणि कॉल (सेटवर हजर होण्याची वेळ) पहाटे पाचचा असतो, तेव्हा बस नसते.

मुलगी सयाजीराव विद्यापीठातून नाट्यशास्त्र करते आहे. कॅनडाच्या एका खासगी संस्थेत एक वर्षाचा चित्रपट-दिग्दर्शन डिप्लोमा आहे. सल्लागार म्हणतात, नंतर तीन वर्षांचं वर्क परमिट नक्की. घर गहाण ठेवावं लागेल. ठेवावं का?

ताई, या माहितीवर ठेवू नका. सल्लागारांचं वाक्य तीन ठिकाणी चुकतं. खासगी करिअर कॉलेजांच्या बहुतेक अभ्यासक्रमांनंतर वर्क परमिट मिळतच नाही. सरकारी कॉलेजातला डिप्लोमा असला तरी १ नोव्हेंबर २०२४ पासून स्टडी परमिटसाठी अर्ज केलेल्यांना विषयांच्या ठरावीक यादीतलाच अभ्यासक्रम हवा. त्या यादीत आरोग्य, विज्ञान-तंत्र, बांधकामाचे व्यवसाय आहेत, चित्रपट-दिग्दर्शन नाही. आणि हे दोन्ही जमलं असं गृहीत धरलं, तरी एक वर्षाच्या डिप्लोमावर परमिट साधारण तेवढ्याच मुदतीचं मिळतं. तीन वर्षं कुठून आली, ते त्यांना लेखी विचारा.

विद्यापीठाच्या पदवी आणि पदव्युत्तर पदवीला मात्र विषयांची अट नाही. सरकारी विद्यापीठातल्या पदव्युत्तर पदवीनंतर, अभ्यासक्रम किमान ८ महिन्यांचा असेल तर, तीन वर्षांचं परमिट मिळू शकतं. तुमच्या मुलीची पदवी होतेच आहे, तेव्हा तिने ही दिशा धरावी. फीशिवाय राहण्याखाण्यासाठी एकट्याने जाणाऱ्याला २२,८९५ कॅनडियन डॉलर दाखवावे लागतात (१ सप्टेंबर २०२५ पासून). अर्जाच्या दिवशी सरकारी पानावर आकडा पुन्हा पाहा. शिकताना आठवड्याला २४ तास काम करता येतं, पण सेटचा एक दिवस १२ तासांचा असतो, त्यामुळे आठवड्यात दोनच दिवस हाती येतात. या कमाईतून कर्ज फिटेल असं कुणी सांगितलं तर उठून या.

सल्लागार कॅनडात इमिग्रेशन सल्लागारांना परवाना देणाऱ्या नियामक संस्थेचा परवानाधारक आहे का, ते त्याच्या क्रमांकावरून ऑनलाइन दिसतं. क्रमांक न देणाऱ्याला फी देऊ नका. कलाकारांसाठीचा स्वयंरोजगार कार्यक्रम अजून विकणारेही आहेत. त्याचे नवे अर्ज ३० एप्रिल २०२४ पासून थांबवलेले आहेत.

दिग्दर्शनाविषयी आमचं मत असं: बाविसाव्या वर्षी परदेशात दिग्दर्शक म्हणून कुणी घेत नाही. प्रॉडक्शन असिस्टंट म्हणून वॉकी-टॉकी कानाला लावून रस्ता अडवण्यापासूनच सुरुवात होते. ते तिला चालणार असेल तर जरूर जावं.

रावपुऱ्यात शिवणकाम करते, नाट्यमंडळांच्या नऊवाऱ्या, अंगरखे शिवते. वय ४१. यजमानांबरोबर माझीही पीआर (कायम वास्तव्याचा परवाना) झाली, आता टोरांटोला निघालो. इंग्रजी बेताचं. चित्रपटाच्या कपडेपटात काम मिळेल का?

या वेळच्या सगळ्या पत्रांत हुकमाचं पान तुमच्याच हातात आहे. पीआर म्हणजे काम करण्याचा पूर्ण हक्क. तिथल्या कपडेपटात कापणारा वेगळा, शिवणारा वेगळा, आणि नवा कपडा जुना करणारा तिसराच. शिवणाऱ्यांना कार्यशाळेत बसून काम असतं, सेटवरची भराभर बोलली जाणारी इंग्रजी लागत नाही.

निघण्यापूर्वी कामाचे फोटो काढा, पण फक्त समोरून नको. कपडा उलटा करून अस्तर, शिलाई आणि आत सोडलेली माया (शिवणीतलं जादा कापड) दाखवा. निवड करणारा आतली बाजूच पाहतो, कारण तोच कपडा पुढे दुसऱ्या नटासाठी उसवून सैल करायचा असतो. मग एक सराव करा: एकच सदरा सहा वेळा शिवा आणि सहाही शेजारी टांगा. बटणांतलं अंतर, कॉलरचं टोक, खिशाची उंची तंतोतंत जुळली पाहिजे. मारामारीच्या किंवा रक्ताच्या प्रसंगाला एकाच कपड्याच्या चार-सहा प्रती लागतात. स्टंट करणाऱ्याची प्रत आत गादी मावेल इतकी ढगळ आणि त्याला लटकवणाऱ्या तारेसाठी चीर ठेवलेली, तरीही पडद्यावर हुबेहूब दिसणारी.

कपडा जुना करण्याची हत्यारं तुमच्या घरातच आहेत. कोपर आणि गुडघ्यांवर किसणी व पॉलिश पेपर, पांढऱ्याचा उजळपणा मारायला चहाचं पाणी, धुळीला मुलतानी माती. मुलतानी माती तिथेही हेच काम करते.

पायमशीनची सवय असेल तर जाण्याआधी पंधरा दिवस एखाद्या कारखान्यात विजेच्या औद्योगिक मशीनवर बसा. पायाला वेगाचा अंदाज नसला की चाचणीतच टाका सुटतो. मशीन नेऊ नका, विजेचा फरक वर सांगितलाच आहे. कात्र्या मोठ्या बॅगेत टाका. टोरांटोत आयात्सी ८७३ आणि नाबेट ७०० या दोन युनियन आहेत. त्यांच्या दारात जाण्याआधी युनियनबाहेरच्या छोट्या चित्रपटांत दिवस जमवा. स्ट्रॅटफर्ड आणि शॉ या ओंटारिओतल्या नाट्यमहोत्सवांच्या मोठ्या शिवणकार्यशाळांतही अर्ज टाका. ऐतिहासिक कपडे शिवणारे हात तिथे लागतातच.

लंडनला एमए करायला जातो आहे. इथे हौशी मराठी नाटकांत कामं केली. शिकता शिकता जाहिरातींत, मालिकांत छोट्या भूमिका घेता येतील?

नाही. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर मनोरंजन कलाकार म्हणून काम करायला बंदी आहे आणि स्वतःचं बिल देऊन काम करायलाही, म्हणजे स्वयंरोजगारालाही. सत्रात आठवड्याला २० तासांची जी मुभा आहे ती दुकान, कँटीन अशा नोकऱ्यांसाठी. फुकट केलं तर चालेल, हा समजही धोक्याचा. अभ्यासक्रम संपल्यावरच्या ग्रॅज्युएट व्हिसावर दोन्ही करता येतं. त्याची मुदत २ वर्षं, पण १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांना १८ महिने. वर्षभर फोटो, उच्चार आणि सेल्फ-टेपची (स्वतः चित्रित करून पाठवायच्या ऑडिशनची) तयारी करा: मोबाइल आडवा, मागे साधी भिंत, नजर लेन्सच्या किंचित बाजूला. आगाऊ पैसे मागणारा एजंट टाळा. खरा एजंट मिळालेल्या कामातून टक्के घेतो.

भाऊ टोरांटोत पदवीनंतरच्या वर्क परमिटवर संकलन करतो. कंपनी म्हणते, पगाराऐवजी स्वतःचं बिल दे, हातात जास्त पैसे पडतील. द्यावं का?

पीआर हवी असेल तर देऊ नये. कॅनडातल्या कामाच्या अनुभवावर पीआर देणाऱ्या वर्गात स्वयंरोजगार मोजत नाहीत. पगारावरची नोकरीच धरतात. वर्षाचे १,५६० तास भरायचे असतात, आणि शिकत असताना केलेले तास त्यात येत नाहीत. त्याने पगारपत्रक आणि वर्षअखेरीची टी-४ स्लिप (वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारी) मागावी. चित्रपट एकामागून एक संपतात, त्यामुळे प्रत्येक निर्मितीकडून तारखा, तास आणि काम लिहिलेलं पत्र शेवटच्या आठवड्यातच घ्यावं. चित्रपटापुरती काढलेली कंपनी नंतर बंद होते आणि सही करणारा सापडत नाही.

पीआर झाल्यावर त्याचं मोलही वाढेल. कॅनडियन निर्मितीच्या केंद्रीय करसवलतीला १० पैकी किमान ६ गुण लागतात: दिग्दर्शक २, पटकथाकार २, दोन प्रमुख नट, कलादिग्दर्शक, छायालेखक, संगीतकार आणि संकलक प्रत्येकी १. नागरिक किंवा पीआर असलेल्यालाच गुण मिळतो. वर्क परमिटवरच्या संकलकाला शून्य.