मेटानेफ्रिनच्या रक्तचाचणीला उपाशी जावं लागतं का? आकडा थोडा वाढलेला आला तर ट्यूमर असतोच का?

मेटानेफ्रिन म्हणजे ॲड्रेनॅलिनपासून बनणारा पदार्थ; मूत्रपिंडावरच्या ॲड्रेनल ग्रंथीतल्या फिओक्रोमोसायटोमा या ट्यूमरच्या शोधासाठी तो तपासतात. रात्रभर उपाशी जा, सकाळी चहा-कॉफी नको. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे रक्त काढण्याआधी २० ते ३० मिनिटं आडवं पडून राहा आणि पडल्यापडल्याच रक्त काढायला लावा. बसून काढलं तर याच चाचणीतलं नॉरमेटानेफ्रिन (मेटानेफ्रिनचाच भाऊबंद) उगाच वाढलेलं दिसतं. लॅबवाले घाई करतात. ऐकू नका.

मी हे एवढ्या तिडकीनं लिहितेय, कारण दोन वर्षं मला 'टेन्शन घेतेस' हेच ऐकावं लागलं. बसल्या जागी छाती धडधडायची, डोकं फुटेल असं दुखायचं, कपडे घामानं भिजायचे. पंधरा-वीस मिनिटांत सगळं शांत. डॉक्टरांकडे पोचेपर्यंत बीपी नॉर्मल! एकदा रक्तातलं ॲड्रेनॅलिन तपासलं, तेही नॉर्मल आलं. तो कागद दादानं घरात सगळ्यांना दाखवला. "बघा, हिच्या मनाचंच आहे."

दादा, तो कागद खोटा नव्हता, चाचणी चुकीची होती. हा ट्यूमर, फिओक्रोमोसायटोमा, ॲड्रेनॅलिन अधूनमधून सोडतो. झटका नसताना रक्त काढलं तर हाती काही लागत नाही. मेटानेफ्रिन मात्र ट्यूमरच्या आतच सतत तयार होऊन रक्तात झिरपत असतं, म्हणून ते झटक्याची वाट बघत नाही. धडधडीसाठी मला नुसता बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके कमी करणारं औषध) दिला होता, त्यानं बीपी आणखी चढलं. या आजारात आधी अल्फा ब्लॉकर (रक्तवाहिन्या सैल करणारं औषध) लागतो, हे मला नंतर कळलं. शेवटी एका एंडोक्रायनॉलॉजिस्टनं (हॉर्मोनच्या आजारांच्या डॉक्टरनं) मेटानेफ्रिन करायला लावलं. कमाल मर्यादेच्या पाचपट! मग सीटी स्कॅन झाला, उजव्या ॲड्रेनलवर चार सेंटिमीटरची गाठ निघाली. अल्फा ब्लॉकरवर दोन आठवडे काढून ऑपरेशन झालं. दादा त्यावर आजवर एक शब्द बोललेला नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं म्हणाल तर थोडा वाढलेला आकडा बहुतेक वेळा ट्यूमर नसतो. डिप्रेशनच्या काही गोळ्या, सर्दीची औषधं यांनीही तो वाढतो, त्यामुळे औषधांची यादी डॉक्टरांना दाखवा. मनानं काही बंद करू नका. तीन-चारपट वाढ असेल तर मात्र गंभीरपणे घ्या. आजार दुर्मीळ आहे, घाम आला की ट्यूमर असं नाही, आणि पॅनिक अटॅकही खरा आजार आहे. पण चाचणी नीट झाल्याशिवाय कुणी 'मनाचं आहे' म्हटलं तर मान हलवू नका, मग तो सख्खा भाऊ का असेना.