वाचकांचे प्रश्न : छप्पर तापू नये आणि वाजूही नये

प्रश्न : आमच्या जुन्या घराच्या उतरत्या छपराला लाकडी वासे, रिपा आणि वर पत्रा आहे. माळ्यावर निजण्याची खोली करायची आहे; पण तो उन्हात तापतो आणि पावसात तिथे एकमेकांचे बोलणे ऐकू येत नाही. वाशांमध्ये फोमच्या पाट्या बसवल्या की दोन्ही त्रास जातील, असे कंत्राटदार म्हणतो. ते खरे आहे का?

उत्तर : उष्णतेपुरते ते खरे आहे, आवाजापुरते नाही. फोमच्या बंद बुडबुड्यांत वायू कोंडलेला असल्याने उष्णता सावकाश पलीकडे जाते. आवाज अडवण्यासाठी मात्र वजन लागते, किंवा एकमेकांपासून सुटे असलेले दोन थर लागतात. फोम हलका आणि ताठ असतो, त्यामुळे तो वर पत्र्याला आणि खाली बोर्डाला चिकटला, तर कंपने आत पोचवण्याचेच काम करतो.

माझ्या मते वाशांमध्ये रॉकवूलसारखी (दगड वितळवून केलेली) तंतुमय लोकर भरावी. ती उष्णता अडवते आणि पोकळीतला आवाजही शोषते. मात्र पॉलियुरेथेन फोमच्या 100 मिलिमीटरचे काम करायला लोकरीचा थर साधारण दीडपट जाड लागतो, आणि जुने वासे बहुधा तेवढे खोल नसतात. त्यांना खालून पट्ट्या ठोकून वाशांमधली जागा खोल करावी लागते आणि डोक्यावरची थोडी जागा जाते. निजण्याच्या खोलीसाठी हा सौदा मला मान्य आहे.

त्याखाली जिप्सम बोर्डाचे दोन थर, सांधे एकावर एक न आणता, वाशांना थेट न ठोकता रबर बसवलेल्या हँगरवर टांगावेत. नुसते वजन वाढवत जाण्यात अर्थ नाही : एकसंध थराचे वजन दुप्पट केले, तरी आवाज साधारण 6 डेसिबलनेच घटतो, आणि कानाला तो निम्मा वाटण्यासाठी सुमारे 10 डेसिबल घटावा लागतो. शिवाय दोन थरांचे वजन चौरस मीटरला वीस किलोच्या आसपास जाते, म्हणून वाळवी आणि कुजलेली टोके आधी जाणकाराकडून तपासून घ्यावीत.

पावसाचा आवाज वेगळा, कारण तिथे पत्राच नगाऱ्यासारखा वाजतो. पत्र्याखाली साचणारा दमटपणा सुकण्यासाठी हवेची फट ठेवावी लागते. पण फटीवरचा पत्रा मोकळेपणाने थरथरतो. पत्रे उतरवणारच असाल, तर त्यांच्या खालच्या बाजूला कंपने दाबणारा डांबरी थर चिकटवून घ्यावा आणि फट त्याखाली ठेवावी. हवेतला दमटपणा लोकरीत शिरू न देणारा वाफरोधक पडदा कोणत्या बाजूला हवा, हे हवामानावर ठरते : थंड प्रदेशात तो खोलीच्या बाजूला, तर उष्ण व दमट प्रदेशातल्या वातानुकूलित खोलीत बाहेरच्या बाजूला.

भिंत आणि छपराच्या सांध्यातल्या चिरा मात्र काटेकोरपणे बुजवाव्यात. छपराच्या क्षेत्रफळाच्या एक टक्का जागा जरी उघडी राहिली, तरी एरवी कितीही चांगले छप्पर आवाज सुमारे 20 डेसिबलपेक्षा जास्त अडवू शकत नाही, आणि त्याच वाटेने गरम हवाही आत येते.